पुन्हा रणगाडा

सोलापुरातील एका विणकरांना तरुणपणी रणगाड्यांच्या प्रतिकृती करण्याचा मोठा नाद होता. मागाच्या खडखडाटात तो तीस वर्षे सुटला. निवृत्तीनंतर त्यांनी पुन्हा पुठ्ठा, कात्री नि खळ पुढे घेतली. या खेपेस आरंभला ‘सेंच्युरियन’. १९६५ साली फिल्लोऱ्याच्या लढाईत परमवीर चक्राचे मानकरी लेफ्टनंट कर्नल तारापोर अशाच रणगाड्यातून, जखमी असतानाही, लढत राहिले होते. तोफ वगळता सुमारे साडेसात मीटर लांबीचा हा गाडा पस्तीसपट लहान केला, की जेमतेम वीतभर उरतो! एकेका बाजूस सहा चाके, त्यांवरून कड्यांचा पट्टा. नजर अधू झालेली. चिमट्यातील कडी थरथरू लागे. पण तुटलेला धागा सांधण्यात उभा जन्म गेलेली ती बोटे! चौथ्या कडीपासून ती स्थिरावली.

“आजोबा, तोफ केव्हा बसवायची?” नातीने विचारले.

“आधी खळ वाळू दे.”