मुशीच्या पाण्यात सोनं

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यू स्मर्ना बीच या गावाला ‘शार्कच्या चाव्यांची जागतिक राजधानी’ म्हणतात, आणि गावाला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. याच राज्यात गेन्सव्हिलच्या निसर्गेतिहास संग्रहालयात जगभरच्या शार्क-हल्ल्यांची नोंदवही ठेवली जाते. ती १९५८ साली सुरू झाली. माणसाने खोडी न काढता शार्क चावला, अशा ४७ घटना २०२४ सालच्या नोंदीत आहेत. त्यांतल्या १४ एकट्या फ्लोरिडातल्या, आणि त्या चौदांतल्या ८ इथल्या, व्होल्युशा काउंटीतल्या. म्हणजे अख्ख्या जगातल्या सहा चाव्यांमागे एक चावा या पंचाहत्तर किलोमीटरच्या पुळणीवर! एवढं वाचून आलेला माणूस इथे काय बघायची अपेक्षा करील? ओस पडलेला किनारा, लाल बावटे, आणि फार तर घोटाभर पाण्यात उभा असलेला एखादा धीट पोरगा.

प्रत्यक्षात जत्रा भरली होती. भाच्याने ऑर्लँडोहून आणलेली गाडी तिकिटाच्या खोक्यापाशी पैसे भरून सरळ वाळूवर घातली. पुळणीवर गाडी चालवायची इथली हौस जुनी आहे. उत्तरेला डेटोनाच्या ओल्या, घट्ट वाळूवर १९३५ साली माल्कम कॅम्बेलने ताशी २७६ मैलांचा वेग गाठला होता. आम्हाला मर्यादा दहा मैलांची, आणि वाळूच्या टेकड्यांच्या कडेने कासवांच्या घरट्यांसाठी खुंट ठोकून राखलेल्या पट्ट्यात चाक घालायचं नाही. कासवाच्या अंड्यांना एवढं जपतात. माणसांना मात्र खुशाल पाण्यात सोडलेलं. बायका, पोरं, म्हातारे कमरेपर्यंत समुद्रात, आणि खाडीच्या मुखाशी दगडी बांधाजवळ तर सर्फरांची गर्दी.

‘‘मामा, ते बघ, तिथेच सगळ्यात जास्त चावतात,’’ भाचा म्हणाला. आपल्या गल्लीतलं प्रसिद्ध मिठाईचं दुकान दाखवावं, त्या अभिमानाने.

मी रत्नागिरीकडचा. मुशी मला माहीत आहे ती ताटातली. आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून लहान मुशी करून घालतात. त्या जातीने उलट माणसाचा पाय धरावा, हे मला भीतीपेक्षा औद्धत्याचंच जास्त वाटत होतं.

आणि मग तो दिसला. बांधापासून जरा दक्षिणेला, छातीला लाटा लागतील इतक्या पाण्यात, समुद्राकडे सरळ पाठ करून एक पांढऱ्या दाढीचा माणूस उभा होता. कानांवर मोठे हेडफोन, एका हातात पाण्याखाली फिरणारी मेटल डिटेक्टरची गोल कॉइल, दुसऱ्या हातात पुरुषभर उंचीचा दांडा. दोन पावलं सरकायचा, थबकायचा, दांडा पायाने खाली रोवायचा आणि सगळं अंग टाकून वर ओढायचा. दांड्याच्या टोकाला बुंदीच्या झाऱ्यासारखं भोकाभोकांचं स्टीलचं भांडं होतं. ते पाण्यातच हलवलं की वाळू गळून जायची. उरलेल्या ऐवजावर नाक टेकवून तो काही तरी निवडायचा, कमरेच्या पिशवीत टाकायचा आणि पुन्हा वाकायचा. जगाच्या शार्क-राजधानीत, कान बंद करून, पाठ फिरवून!

कॉफी प्यायला तो वर आला तेव्हा आम्ही त्याला गाठलं. गृहस्थ निवृत्त प्लंबर निघाले. ‘‘चाळीस वर्षं लोकांच्या बेसिनच्या नळीतून अंगठ्या काढल्या,’’ म्हणाले, ‘‘आता समुद्रातून काढतो. फरक एवढाच की इथे मालकीणबाई डोक्यावर उभ्या नसतात.’’

त्यांनी पिशवी उलटी केली. गळाला लावायची शिशाची वजनं, गंजून फुगलेला एक स्क्रू, बिअरच्या कॅनच्या कड्या, काळी पडलेली नाणी, आणि त्या सगळ्या भंगारात एक बारीक पिवळी अंगठी. ती मात्र आत्ता सराफाच्या डबीतून काढल्यासारखी लखलखीत. सोन्याला समुद्र काही करत नाही. यंत्राच्या कानाला मात्र ती कॅनची कडी आणि ही अंगठी जवळपास सारखीच ऐकू येते. म्हणून सोनं हवं असेल त्याने प्रत्येक कडी उपसायची. त्यांच्या घरी कड्यांची बरणी आहे आणि अंगठ्यांची डबी आहे. बरणी मोठी आहे, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

अंगठ्या इतक्या पडतात कशा? त्यांचं उत्तर अनुभवाचं होतं. पाण्यात बोटं गारठून आक्रसतात, वर सनस्क्रीनचा तेलकटपणा, त्यात लाटेचा फटका. अंगठी सुटते ती जड असल्याने सरळ खाली जाते, आणि प्रत्येक लाटेनिशी वाळूत आणखी उतरत शिंपल्यांच्या कठीण थरावर जाऊन बसते. पण कुठेही नाही. किनारा आणि वाळूचा पहिला दांडा यांच्या मधे लाटांनी कोरलेला एक लांब चर असतो. आंघोळीला आलेली माणसं त्याच चरात उभी राहतात, त्यामुळे सोनंही तिथेच गळतं. उन्हाळ्याची सुट्टी नुकती संपलेली, हिवाळ्याच्या वादळांनी वाळू उलथायला अजून अवकाश. त्यांच्या धंद्याला सप्टेंबर म्हणजे सुगी.

नेमकी हीच सुगी समोरच्या पार्टीचीही असते. सप्टेंबरच्या सुमारास मलेट मासे, म्हणजे आपल्या बोयींचे भाऊबंद, या किनाऱ्याने थव्यांनी दक्षिणेकडे निघतात. ते जातात कुठून, तर त्याच चरातून. बाहेर खोल पाण्यात मोठी तोंडं टपलेली असतात, म्हणून ते काठाला चिकटून जातात. आणि त्यांच्या मागून ब्लॅकटिप शार्क येतो. परांना काळी टोकं, लांबी दीड मीटरच्या आसपास, दात सुयांसारखे, निसटता मासा धरून ठेवायला घडवलेले. शेजारच्या पॉन्स खाडीतून ओहोटीबरोबर गढूळ पाणी आणि खाद्य बाहेर पडत असतं. त्या गढुळात काही तरी फिकट, काही तरी चमकणारं हललं की त्याला मासा वाटतो. तो पकडतो, चूक कळते, सोडून जातो. इथले बहुतेक चावे असे घाईतले असतात. पायाला टाके पडतात, माणूस घरी जातो. इथे पाय खाल्ला जात नाही, तपासला जातो, असं भाच्याने शास्त्रीय भाषेत समजावलं. ज्याचा पाय तपासला जातो त्याला हा भेद कितपत पटतो, कोण जाणे.

शार्क टाळायचे म्हणून जे नियम तिथले तज्ज्ञ सांगतात, ते मी भाच्याच्या फोनवरून प्लंबरसाहेबांना एकेक वाचून दाखवले. एकट्याने पाण्यात जाऊ नका. पहाटे आणि संध्याकाळी जाऊ नका. पाणी गढूळ असेल तर नको. दोन दांड्यांमधल्या खोलगट जागी नको. चमकते दागिने नकोत. म्हातारा प्रत्येक वाक्याला समंजसपणे मान डोलवत होता. ‘‘बरोबर. बरोबर आहे. अगदी योग्य सांगितलंय.’’ आणि पहाटेच्या ओहोटीला, एकट्याने, गढूळ चरात, दुसऱ्याचे चमकते दागिने हातात घेऊन उभं राहणं हा त्यांचा रोजचा उद्योग! वर भांडं रोवून तळ ढवळायचा, म्हणजे असलेलं पाणीही आणखी गढूळ.

तरी बेफिकीर म्हणता येणार नाही. त्यांचा एक स्वतःचा नियम होता आणि तो ते काटेकोर पाळत. पेलिकन पक्षी जवळ सूर मारू लागले की बाहेर. पक्षी पडतो तिथे मासळी आहे, आणि मासळी आहे तिथे तिचे गिऱ्हाईक. गळ टाकून बसलेल्या माणसांपासूनही ते लांब राहत, कारण गळाचं आमिष समुद्राला वर्दी देतं. हेडफोन लावल्यामुळे कान निकामी होतात, म्हणून दर काही पावलांनी मान वर करून आभाळ बघायचं, पाणी नव्हे. माझ्या कोळी मित्रांनी हा मुद्दा ताबडतोब मान्य केला असता.

मला खरी गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. शार्कच्या नाकाडावर बारीक छिद्रं असतात, आत चिकट द्रव भरलेल्या नळ्या. लोरेन्झिनी नावाच्या इटालियनाने १६७८ साली त्यांचं वर्णन केलं, पण त्या कशासाठी आहेत हे कळायला पुढे जवळजवळ तीनशे वर्षं गेली. कालमाइन या डच शास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग असा : एक चपटा मासा वाळूत पुरून ठेवला, वास बाहेर पडणार नाही अशी व्यवस्था केली, तरी लहान शार्कने त्याला बरोबर हुडकलं. मग मासा काढून घेतला आणि वाळूखाली फक्त विजेची दोन टोकं ठेवून माशाच्या अंगातून निघतो तेवढाच क्षीण प्रवाह सोडला. शार्कने वाळू उकरून त्या टोकांवरच झडप घातली. जिवंत स्नायूंची, श्वासाची वीज त्याला जवळून जाणवते; सेंटीमीटरला एका व्होल्टच्या काही अब्जांशाइतकी.

म्हणजे त्या चरात वाळूखालची, डोळ्यांना न दिसणारी वस्तू विजेवरून हुडकणारे दोघे होते. एकाने यंत्राला घसघशीत डॉलर मोजलेले, खाऱ्या पाण्याने त्याच्या यंत्राचे कान सतत भरमसाट वाजणार, आणि शंभर कड्यांमागे त्याला एक अंगठी. दुसऱ्याचं यंत्र जन्मतः नाकावर, आणि खारं पाणी हीच त्याची तार.

‘‘मग तुमच्या यंत्राच्या लहरींनी तो ओढला जात नाही?’’ मी विचारलं. शार्कला जाणवते ती सेकंदाला मोजक्या आंदोलनांची मंद वीज. डिटेक्टर सेकंदाला हजारो आंदोलनांनी बोलतो. ती भाषा त्याच्या कानावरून जाते. धातूची गोष्ट निराळी. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात जवळ आले की आपसूक थोडी वीज तयार होते. शार्क होडीच्या पंख्याला किंवा पिंजऱ्याच्या सळईला तोंड लावतात, त्याचं हेच कारण सांगतात. हे ऐकून म्हाताऱ्याने आपल्या स्टीलच्या भांड्याकडे प्रथमच जरा संशयाने पाहिलं.

बांधापलीकडे, खाडीच्या उत्तर अंगाला, १७५ फूट उंचीचं लाल विटांचं दीपगृह आहे, १८८७ साली पुरं झालेलं. या दिव्याच्या टापूत २ जानेवारी १८९७ ला ‘कमोडोर’ नावाची बोट बुडाली. क्यूबातल्या बंडखोरांसाठी ती शस्त्रं नेत होती आणि तिच्यावर स्टीफन क्रेन हा तरुण लेखक बातमीदार म्हणून होता. कमरपट्ट्यात सोन्याची नाणी बांधलेली; बुडायची पाळी आली तेव्हा त्याने तो पट्टा समुद्रात टाकला, असं त्याचे चरित्रकार लिहितात. तो आणि आणखी तिघे दहा फुटी डिंगीत सुमारे तीस तास वल्ही मारत राहिले. त्यावर त्याने पुढे ‘द ओपन बोट’ ही गोष्ट लिहिली. गोष्टीत रात्रीच्या काळोखात एक शार्क डिंगीभोवती घोटाळत राहतो. पण तो कोणाला शिवत नाही. चौघांतला एक, बिली हिगिन्स, मेला तो दुसऱ्या दिवशी डेटोनाच्या काठाशी, लाटा फुटतात त्या पाण्यात, जमीन हाताशी आलेली असताना.

प्लंबरसाहेबांना ही कथा पाठ होती, आणि त्यांच्या भीतीची उतरंड तिच्याशी जुळणारी होती. पहिला नंबर रिप करंटचा. दांड्याला जिथे खिंडार पडतं तिथून पाणी ओढीने समुद्राकडे धावतं. कमरेला बांधलेला डिटेक्टर, हातात जड भांडं घेऊन त्यात सापडलेल्या माणसाने आधी काय सोडायचं हे ठरवून ठेवलेलं बरं. ते भांडं सोडणार होते, यंत्र नाही. मग पाकट. वाळूत अंग पुरून बसलेल्या पाकटावर पाय पडला की शेपटीचा काटा घोट्यात घुसतो, म्हणून पाय उचलून टाकायचा नाही, तळाशी घासत न्यायचा. चाहूल लागली की पाकट आपण होऊन उठून जातं. त्यांच्या पायावर एक पांढरा वण होता. माझी नजर गेलेली पाहून म्हणाले, ‘‘शार्क नाही हो. पाकट.’’ मला वाटतं, त्यांना स्वतःलाच त्याचं थोडं वाईट वाटत असावं.

कायद्याचीही भीती त्यांनी मधेच घालून दिली. काउंटीच्या पुळणीवर यंत्र चालतं. गावाच्या दक्षिणेला कॅनाव्हरलची राष्ट्रीय हद्द लागली की पिशवीतून बाहेर काढायचं नाही. आणि पाण्याखालच्या सरकारी जमिनीत पन्नास वर्षांहून जुनं ऐतिहासिक काही दिसलं तर ते राज्याचं. २०२२ च्या वादळांनी डेटोना बीच शोअर्सची वाळू खरवडून नेली, तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या एका लाकडी जहाजाच्या फासळ्या उघड्या पडल्या होत्या. ते बघायला हे गेले होते, यंत्र गाडीत ठेवून.

ते पुन्हा पाण्यात शिरले. थोड्या वेळाने त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर पाणी एकदम खळबळलं, बोयींचा थवा चांदीच्या चुऱ्यासारखा वर उडाला आणि त्यात एक राखाडी पाठ वळून गेली. मी उभाच राहिलो. सर्फरांनी पाय फळीवर घेतले, दोघं-तिघं हसले. म्हातारा किनाऱ्याच्या दिशेने मोजून चार पावलं सरकला, थवा पुढे गेल्यावर तीच चार पावलं मागे गेला. तिथे त्याला काहीतरी वाजलेलं होतं.

दुपारी पश्चिमेला ढग काळवंडले आणि दूरवर एकदाच गुरगुरलं. लाइफगार्डची शिट्टी वाजायच्या आधी प्लंबरसाहेब पाण्याबाहेर होते. फ्लोरिडात वीज पडते ती शार्कसारखी चुकून तपासायला नव्हे, एवढं बोलून त्यांनी दांडा आडवा करून गाडीत टाकला. उद्या याल का, विचारलं तर म्हणाले, येणार. ओहोटी रोज पाऊण-पाऊण तास पुढे सरकते आहे, उद्या ती सूर्य वर आल्यावर पडेल. त्यांच्या बायकोने लग्नाच्या चाळीस वर्षांत घातलेली एकच अट होती, अंधारात पाण्यात उतरायचं नाही. ती उद्या फुकटात पाळली जाणार होती.