आपला माणूस आणि माझी दाढ



या अंकासाठी उंधियूची पाककृती देईन, असं मी कबूल केलं होतं. ती पुढच्या वेळी नक्की. या वेळी माझ्या दाढेची गोष्ट सांगते, कारण त्या गोष्टीत माझी एक चूक आहे आणि ती मी आपल्याच मंडळाच्या ग्रुपवर केलेली आहे.

सुरतेत राहणाऱ्यांना उत्तरायण म्हणजे काय ते सांगायला नको. दोन दिवस घरदार गच्चीवर, लाऊडस्पीकर, पतंग आणि तोंडात सतत काहीतरी. वासी उत्तरायणाच्या संध्याकाळी शेंगदाण्याची चिक्की चावताना कडकन आवाज झाला. उजव्या बाजूच्या वरच्या दाढेत पंधरा वर्षांपूर्वी भरलेलं सिमेंट चिक्कीसोबत बाहेर आलं. फार दुखत नव्हतं, पण पाणी लागलं की कळ जायची.

दुसऱ्या दिवशी लेकीला सोबत घेऊन आमच्या भागात नव्याने झालेल्या एका मोठ्या दवाखान्यात गेले. काचेचे दरवाजे, कॉफीचं मशीन, सगळं चकचकीत. डॉक्टर तरुण होते. माझं आडनाव वाचून मराठीतच म्हणाले, "ताई, मूळच्या कुठल्या तुम्ही?" सासरे अमळनेरहून उधन्याला लूमवर कामाला आले होते, हे ऐकल्यावर ते हसून म्हणाले, "मग तर आपल्याच खानदेशच्या! बरं शे ना?"

अहिराणीतले ते तीन शब्द ऐकले आणि मी निम्मी बरी झाले. भरीत, कळण्याची भाकरी, धुळ्याचा उन्हाळा, सगळं बोलून झालं. फॉर्म भरायला बाहेर बसले तेव्हा मी ग्रुपवर मेसेज टाकला: "मंडळी, छान मराठी डॉक्टर मिळाले आहेत. अगदी आपला माणूस. न घाबरता जा." खाली पत्ताही दिला. तोपर्यंत त्यांनी माझ्या तोंडात साधा आरसासुद्धा घातला नव्हता.

मग तपासणी झाली. पेनासारखा कॅमेरा तोंडात फिरवला आणि समोरच्या टीव्हीवर माझे दात दिसू लागले. एकेक दाढ सुटकेसएवढी! त्यावर काळ्या रेघा, तपकिरी ठिपके. डॉक्टर बोट ठेवून सांगत होते, "ही कीड. ही पण कीड. इथे आत गेली आहे." आपलेच दात एवढे मोठे करून पाहिले की कुणालाही भीती वाटेल. मला तर आधी लाज वाटली. एवढी वर्षं आपण तोंडाकडे लक्षच दिलं नाही, असं वाटलं.

"आलीच आहे तर हिचाही एक्स-रे काढू, फ्री आहे," म्हणून लेकीलाही आत नेलं. मग एका मॅडमनी दोघींना वेगळ्या खोलीत बसवून छापील कागद पुढे ठेवला. माझ्यासाठी चार रूट कॅनाल, सात कॅप आणि हिरड्यांची खोल सफाई. लेकीच्या चारही अक्कलदाढा काढायच्या. एकूण १,२४,००० रुपये. आज नक्की केलं तर ९८,०००. हप्त्यांची सोय होती, व्याज नाही. मी घुटमळले तशा त्या म्हणाल्या, "मॅडम, इन्फेक्शन हृदयापर्यंत जाऊ शकतं. मग लाखांत खर्च येतो."

यांना फोन लावला. हे मार्केटमध्ये हिशेबात गढलेले. "डॉक्टर म्हणतात तर करून घे, आपल्याला त्यातलं काय कळतं," म्हणाले. लेक मात्र हळूच म्हणाली, "आई, आपण तर एकाच दाढेसाठी आलो होतो ना?"

मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. आपल्या माणसासमोर अविश्वास दाखवणं बरं दिसत नाही, हेच माझ्या डोक्यात. वीस हजार भरले आणि सांगितलं, "आज फक्त चिक्कीवाली दाढ करा. बाकीचं घरी बोलून ठरवते."

सुई दिली, गाल बधीर झाला, मशीन सुरू झालं. किती वेळ गेला कळलं नाही. चूळ भरायला उठले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ताई, शेजारची दाढही घासून घेतली. तिलाही कीड होती. परत परत सुई नको म्हणून."

बधीर तोंडाने काय बोलणार? मी मान हलवली. रात्री बधिरपणा उतरल्यावर जीभ तिथे गेली. जिथे माझी चांगली गुबगुबीत दाढ होती तिथे एक बारीक खुंट होता. लेकीने विचारलं, "ती दाढ दुखत होती का तुझी? त्यांनी गार लावून, ठोकून बघितलं का? तू हो म्हणाली होतीस का?" तिन्ही प्रश्नांचं उत्तर नाही असंच होतं. दाताचं वरचं आवरण एकदा घासलं की पुन्हा येत नाही, हे मला त्या रात्री पहिल्यांदा समजलं. हाड मोडलं तर जुळतं, कातडी भरून येते. दाताच्या आवरणाचं तसं नसतं.

दोन दिवसांनी यांच्या मार्केटमधल्या एका मित्राने नानपुऱ्यातल्या वयस्कर गुजराती डॉक्टरांकडे पाठवलं. दोन खुर्च्या, जुना पंखा, भिंतीवर कॅलेंडर. मी तो छापील कागद पुढे केला तर त्यांनी तो उलटा ठेवला. म्हणाले, "पहेला मने जोवा दो." लहान आरशाने बघितलं, हवा मारली, गार कापूस लावला, प्रत्येक दाढ हलकेच ठोकली. जिथे शंका वाटली तिथले दोनच छोटे एक्स-रे काढले.

मग खुर्ची सरळ करून समजावून सांगितलं. दाढांच्या खाचांमधल्या बऱ्याच रेघा म्हणजे वर्षानुवर्षांचे डाग आहेत, चहाचे म्हणा. दोन जागी कीड सुरू होते आहे, पण खड्डा पडलेला नाही. या पायरीवर फ्लोराइडची पेस्ट, नीट ब्रश आणि दोन जेवणांमध्ये गोड कमी, एवढ्यानेही ती थांबू शकते. सहा महिन्यांनी परत बघू. लेकीच्या अक्कलदाढा दुखत नाहीत, सुजत नाहीत, सरळ येत आहेत. "तो पछी काढवानी उतावळ शानी, बेन?"

मी त्या घासलेल्या दाढेचं विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, घासण्याआधी ती कशी होती ते मी पाहिलेलं नाही, म्हणून चूक की बरोबर हे मी सांगणार नाही. आता मात्र कॅप लागेल, नाहीतर दाढ टिकणार नाही. रूट कॅनाल सुरू केलंय तेही पूर्ण करावं लागेल. तपासणी आणि एक्स-रे मिळून त्यांनी पाचशे रुपये घेतले.

ती दाढ खरंच किडलेली होती का, हे मला आता कधीच कळणार नाही. मला सगळ्यात जास्त हेच लागलं.

नाशिकच्या भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "सुरत लुटायला महाराज १६६४ आणि १६७० असे दोनदा आले, आणि तू घरबसल्या स्वतःच लुटून घेतलंस!" हसले, पण रात्री झोप लागली नाही.

लेक कॉमर्सला आहे, पण शोधाशोध तिनेच केली. तिने मला सर्वोच्च न्यायालयाचा २००८ सालचा समीरा कोहली खटल्याचा निकाल सांगितला. दिल्लीतल्या एका बाई तपासणीसाठी दाखल झाल्या होत्या. त्या बेशुद्ध असताना डॉक्टरांनी त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढून टाकलं. न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही. जीव वाचवण्यासाठी ताबडतोब करावंच लागलं तर गोष्ट वेगळी. पुढे करायचं तर रुग्णाला शुद्धीवर येऊ द्या आणि त्यालाच विचारा. कुठे गर्भाशय, कुठे माझी दाढ! पण "परत परत सुई नको म्हणून" हे कारण पुरेसं नाही, एवढं मला समजलं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत १९९७ साली 'रीडर्स डायजेस्ट'च्या एका पत्रकाराने आपलं एकच तोंड २८ राज्यांतल्या ५० दंतवैद्यांना दाखवलं. खर्चाचे अंदाज आले ५०० डॉलरपासून जवळजवळ ३०,००० डॉलरपर्यंत! आपल्याकडे डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून २०१६ साली 'डिसेंटिंग डायग्नोसिस' हे पुस्तक लिहिलं. नको असलेल्या तपासण्या आणि उपचार कसे गळ्यात मारले जातात, हे त्यात डॉक्टरांनीच सांगितलं आहे. म्हणजे या गोष्टीची चीड असलेले डॉक्टरही पुष्कळ आहेत. नानपुऱ्याचे डॉक्टर मला त्यांच्यातलेच वाटले.

पुढच्या सोमवारी आम्ही दोघी त्या दवाखान्यात परत गेलो. एक्स-रे आणि फोटो मागितले. आधी "सिस्टीम बंद आहे", मग "डॉक्टर नाहीत". लेक शांतपणे म्हणाली, "आम्ही थांबतो." चाळीस मिनिटं बसलो. शेवटी एक्स-रे मोबाईलवर आले आणि आगाऊ भरलेल्यातले आठ हजार परत मिळाले. निघताना डॉक्टर भेटले. "ताई, आपल्या माणसावर विश्वास नाही का?" म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही. ग्राहक आयोगाकडे जाता आलं असतं, राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे लेखी तक्रार करता आली असती. मी केली नाही. कटकट नको म्हणून म्हणा, आपलाच माणूस म्हणून म्हणा.

आता माझी चूक. माझा तो मेसेज ग्रुपवर तसाच होता. लाज वाटत होती, म्हणून मी तो पुसलाही नाही आणि खाली खरं काय घडलं तेही लिहिलं नाही. मार्चमध्ये आपल्या मंडळातल्या एक काकू हळदीकुंकवाच्या आठवणी काढत भेटल्या आणि सहज म्हणाल्या, "तुझ्या त्या डॉक्टरांकडे जाऊन आले गं. सहा कॅप बसवल्या. काकांच्या एफडीतून काढले पैसे." काका गेल्याला दोन वर्षं झाली आहेत. काकूंना मी विचारलं, "दुखत होतं का?" त्या म्हणाल्या, "नाही गं, पण त्यांनी टीव्हीवर दाखवलं ना. आणि तू लिहिलं होतंस, न घाबरता जा."

मी त्यांना तिथेच सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "तू तरी काय करशील," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आता त्यांना नानपुऱ्याला मी घेऊन जाते. दोन कॅपखाली ठणका लागतो, त्याचं काम चालू आहे.

मुलांनो, हे मुख्यतः तुमच्यासाठी लिहिते आहे, कारण उद्या आई-बाबांना किंवा आजीला दवाखान्यात तुम्हीच नेणार आहात. मोठ्यांमध्ये बोलायला लाजू नका. विचारा: कुठला दात, काय झालंय, एक्स-रेमध्ये कुठे दिसतंय? आत्ता नाही केलं आणि तीन महिने थांबलो तर काय होईल? दुसरा उपाय आहे का? कागद घरी न्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा आपला हक्क आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. ठणका, सूज, ताप असेल तर मात्र उशीर करू नका, लगेच जा. पण ज्याचं दुखत नाही त्याची 'आजच सही करा' अशी घाई कुणी करत असेल, तर तिथून उठायला हरकत नाही. कॅमेरा आणि टीव्ही वाईट नाहीत आणि नवे दवाखाने सगळेच तसे नसतात. मराठी बोलणारे डॉक्टर भेटले तर आनंदच आहे, माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. फक्त तो आनंद वेगळा ठेवा आणि दाताचा निर्णय वेगळा घ्या.

आणि ग्रुपवर कुणाचं नाव सुचवायचं असेल, तर उपचार पूर्ण झाल्यावर सुचवा. मी माझा तो मेसेज गेल्या आठवड्यात काढला. त्या दवाखान्यात आणखी कुणी गेलं असेल आणि पुढचं काम बाकी असेल, तर मला फोन करा. दुसऱ्या डॉक्टरांकडे सोबत मी येईन, लेकही येईल. प्रश्न तीच विचारेल.