हळवे कान आणि रिकामी मात्रा

'तिखट कान' हा आपल्या भाषेतला कौतुकाचा शब्द आहे. दूरची चाहूल ज्याला लागते, कुजबुज ज्याला ऐकू येते, त्याचे कान तिखट. परंतु काही माणसांचे कान तिखट नसतात, हळवे असतात. त्यांना इतरांहून अधिक ऐकू येते असे नाही. इतरांना जे नुसते ऐकू येते, ते त्यांना लागते. स्टीलचे ताट फरशीवर पडले, कुकरची शिट्टी झाली, की कानापासून मानेपर्यंत एक कळ जाते. वैद्यकात यास 'हायपरॅक्युसिस' म्हणतात. नेहमीच्या बोलण्याचा आवाज सुमारे ६० डेसिबल असतो आणि सर्वसाधारण माणसाला १०० च्या आसपास तो असह्य होऊ लागतो. हळव्या कानांची सहनशक्ती त्याच्या पुष्कळ अलीकडेच संपते.

मी अशा कानांचा धनी आहे, आणि माझे सारे आयुष्य शाळेत गेले! घंटा होण्यापूर्वी मी घड्याळाकडे पाहून मनाची तयारी करून ठेवतो. आप्तेष्टांत मात्र याची गणना चोचल्यांत होते. "अहो, एवढं काय झालं? ढोलच तर आहेत," असे लग्नघरी ऐकून घ्यावे लागते. असो.

गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांनी रेगे नावाचे संगीत ऐकण्यास आरंभ केला. त्याची खोली माझ्या खोलीला लागून. भिंतीतून गाणे असे काही येतच नसे. येत ते नुसते ठोके, पलीकडे कोणी गाद्या बडवीत असावे तसे. तिसऱ्या दिवशी मी उठून त्याच्या खोलीत गेलो. "बाबा, बंद करू?" त्याने विचारले. "बंद नको. आवाज कमी कर आणि मला नीट ऐकू दे," मी म्हणालो. बॉब मार्लेचे १९७९ मधील 'वन ड्रॉप' हे गाणे लागले होते. नवल असे, की भिंतीपलीकडून छळणारे ते गाणे समोर बसून मंद आवाजात ऐकता कानांना मुळीच टोचले नाही. याचे कारण शोधणे मग ओघानेच आले.

रेगे हे कॅरिबियन समुद्रातील जमैका बेटाचे संगीत. ते बेट १९६२ मध्ये स्वतंत्र झाले, तेव्हा राजधानी किंग्स्टनमध्ये 'स्का' हा द्रुत लयीचा प्रकार लोकप्रिय होता. पुढे १९६६ च्या सुमारास लय उतरून 'रॉकस्टेडी' आले आणि १९६८ मध्ये टूट्स हिबर्ट व त्याच्या साथीदारांच्या एका गाण्याच्या शीर्षकात 'रेगे' हा शब्द झळकला. युनेस्कोने २०१८ मध्ये या संगीताचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

'वन ड्रॉप' हे मुळात या संगीतातील एका ठेक्याचे नाव आहे. चार मात्रांच्या आवर्तनात पहिली मात्रा ड्रम रिकामी सोडतो. दुसरीवर आणि चौथीवर गिटारचा आखूड, तोडलेला झणत्कार येतो आणि ड्रमचा भारदस्त आघात पडतो तो तिसरीवर. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या वाचकांना यात फारसे अपरिचित वाटू नये. आपल्या सात मात्रांच्या रूपक तालात सम आणि खाली एकाच मात्रेवर असतात. आवर्तन सुरू होते तिथे डग्ग्याचा घुमारा नसतो. जमैकेच्या वादकांनी रूपक ऐकला असेल असे मला म्हणायचे नाही. साम्य आहे ते ऐकणाऱ्याच्या अनुभवात.

हळव्या कानाला मोठेपणाइतकेच अचानकपणाचे भय असते. पुढचा आघात केव्हा येणार हे ठाऊक असले, म्हणजे अंग ताठ होत नाही. या संगीतात लय संथ, आवर्तन सरळ, बास गिटारची धून खर्जात गोल फिरणारी आणि आरंभाची मात्रा मोकळी. श्वास घ्यायला तेवढी जागा मिळते. अर्थात सारेच गोड आहे असे नाही. गाण्याच्या प्रारंभी पुष्कळदा ड्रमची एक उसळी येते, ती मला दचकवते. रेगेतूनच निघालेल्या 'डब' प्रकारात, ज्यात किंग टबीने १९७० च्या दशकात मोठे नाव मिळवले, गायकाचा आवाज मध्येच तोडून प्रतिध्वनीत फेकतात. तो मला फार वेळ सोसत नाही.

मग भिंतीपलीकडून तेच गाणे का छळत होते? भिंत उंच स्वर अडवते आणि खर्ज पलीकडे जाऊ देते. गिटार गेली, शब्द गेले. उरला तो धडधडाट. मात्रा मोजायला आधारच राहिला नाही. किंग्स्टनमध्ये १९५० च्या दशकापासून ड्यूक रीड, कॉक्सन डॉड यांच्यासारखी मंडळी मोठमोठे ध्वनिवर्धक रचून उघड्यावर नाच भरवीत. तिथे बास कानांनी ऐकण्याइतकाच छातीत जाणवावा अशी अपेक्षा असते. पण तिथली माणसे आपण होऊन गेलेली असतात. शेजारच्या खोलीतला माणूस आपण होऊन गेलेला नसतो.

हे सारे मला उपयोगी पडले ते शाळेत. यंदा सहावीत आलेला एक मुलगा प्रार्थनेच्या वेळी बँड सुरू झाला की कान दाबून खाली बसे. वर्गशिक्षकांना तो उद्धटपणा वाटला. आईवडील दाखला काढून नेण्याच्या विचारात होते. मी त्याला खोलीत बोलावून इतकेच विचारले, की नेमका कोणता आवाज लागतो? मोठ्या ढोलाचे त्याला काही नव्हते. झांजा लागत, आणि त्या केव्हा वाजतील हे कळत नसे. आता तो झांजांपासून दूर, शेवटच्या रांगेत उभा राहतो आणि बँडचा प्रमुख त्याला आधी हाताने खूण करतो. कानाच्या डॉक्टरांनी बजावले, की सतत बोळे घालून बसू नये, त्याने कान अधिकच हळवे होतात. सोसवेल अशा मंद आवाजांची हळूहळू सवय करावी. मुलगा अजूनही कधी कधी कान झाकतो, पण रोज शाळेत येतो.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असे मूल, अशी सून वा असे आजोबा असतील, तर "एवढं काय झालं?" म्हणण्यापूर्वी कोणता आवाज, कोठून आणि केव्हा, एवढे अवश्य विचारावे. उत्तर मिळाले, की गाणे बंद करण्याची पाळी बहुधा येत नाही.