आधी तहान, मग रंग

वाशिम-पुसद रस्त्यावरच्या आमच्या अनसिंगात विकतच्या कुंड्या कमीच. १५ किलोचा तेलाचा डबा, रंगाची बादली नाहीतर काठ उडालेला माठ, यांतच अंगण फुलतं. बुडाला खिळ्यानं भोकं पाडायची, वर खापराचे तुकडे टाकायचे. पण शेतातली काळी माती नुसतीच भरली, तर ती पावसात फुगते आणि उन्हात आकसून डब्याच्या कडेपासून सुटते. मग पाणी मुळांना न शिवता कडेनं सरळ खाली जातं. तिच्यात रेती अन् चांगलं कुजलेलं शेणखत हवंच.

सोयाबीनमध्ये तूर पेरणारा हा मुलूख. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघतं, तोवर तूर गुमान वाढते. मग सगळं वावर तिचं. डब्यात फुलं लावतानाही एकमेकांच्या आड न येणाऱ्या जोडीचा हाच हिशेब धरावा. लोक आधी रंग जुळवतात. जुळवायची असते तहान. तेरडा दुपारी मान टाकतो आणि संध्याकाळी तांब्याभर पाणी मिळालं की ताठ होतो. चिनी गुलाबाची पानं मांसल, पाणी धरून ठेवणारी. त्याला रोज पाणी घातलं तर मुळं कुजतात. दोघं एका डब्यात लावले की एक जाणारच. शेजारच्या आजींनी बघताक्षणी सांगितलं होतं, "त्या तेरड्याले येगळा डबा दे माय, त्याले लय पाणी लागते."

मधे झेंडू, भोवती झिनिया आणि काठावरून खाली ओघळणारा चिनी गुलाब, हे त्रिकूट मात्र उन्हात मजेत नांदतं. गंमत अशी, की झेंडू-झिनिया मूळचे मेक्सिकोकडचे, चिनी गुलाब दक्षिण अमेरिकेतला. तेरडा तेवढा आपल्या देशातला, आणि तोच उन्हाला नाजूक! परदेशी झेंडूवाचून मात्र आपला दसरा होत नाही.

सुकलेली फुलं खुडत राहिलं तर या झाडांना नव्या कळ्या येत राहतात. बी धरलं की ती आवरतं घेतात. शेवटची थोडी फुलं मी बियांसाठी राखते. चिनी गुलाबाच्या वाळक्या बोंडाची टोपी अलगद निघते आणि आत खसखशीहून बारीक, करडं, चकचकीत बी दिसतं. तेरड्याचं पिकलं बोंड बोट लागताच फुटतं, सालपटं गुंडाळली जातात आणि बी कुठल्या कुठे उडतं. ते वेचताना नातवंडं लागतातच सोबतीला.

मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की पत्रा तापतो, मुळं आतल्या आत शिजतात. काहीजण डब्याला ओलं बारदान गुंडाळून झाडं जगवतात. मला ते पटत नाही. हंगामी झाडाचा हंगाम संपला, त्याला जाऊ द्यावं. तेव्हा पाणी प्यायला पुरत नाही. मी डबे रिकामे करून माती अंगणात पसरते. उन्हानं तिच्यातली बुरशी बरीच मरते. मृगाच्या आधी शेणखत मिसळलं की डबे पुन्हा भरायचे.