विहीर गावाची, नळ कोणाचा?

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या नाकाडोंगरी गावात उन्हाळ्याचा दिवस उजाडायचा तो विहिरीवरच. राहाटाची कुरकुर ऐकू आली की आई डोक्यावर चुंबळ ठेवायची, त्यावर पितळेचा गुंड आणि कमरेवर घागर. वैशाखात पाणी तळाला जायचं. मग झरा भरेपर्यंत बाया ओट्यावर बसून राहायच्या. पावसाळ्याआधी गडीमाणसं विहीर उपसून गाळ काढायची. साथीच्या दिवसांत विहिरीत लाल औषध पडायचं आणि पाणी गुलाबी दिसायचं.

तलावांचंही तसंच होतं. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव आणि शेतातल्या बोड्या यांवरच झाडीपट्टीचा धान पिकत आला. पाळ फुटू नये, पाट बुजू नये, याची चिंता गावाला असायची. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी संपली हे न्यायाचंच झालं. पण पाळीवर माती टाकायला जाणारे हातही हळूहळू कमी झाले.

त्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवता येणार नाही. महाडचा सत्याग्रह 1927 चा; त्यानंतरही कितीतरी वर्षं अनेक गावांत काही घरच्या बायांना विहिरीपासून दूर उभं राहून, कोणी वरून पाणी ओतेल याची वाट बघावी लागायची. आणि झुंजुमुंजू होण्याआधी लोटा घेऊन बाहेर पडणाऱ्या आयाबहिणींची कुचंबणा तर घरोघरी होती. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही.

1972 च्या दुष्काळानंतर राज्यात गावोगावी बोअर खोदल्या गेल्या, हातपंप आले. 73 व्या घटनादुरुस्तीने पिण्याचं पाणी आणि स्वच्छता हे विषय पंचायतींच्या यादीत घातले. 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, 2014 मध्ये स्वच्छ भारत आलं आणि शौचालयासाठी 12,000 रुपयांचं अनुदान मिळू लागलं. 2019 च्या जल जीवन मिशनने घरटी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी हे उद्दिष्ट ठरवलं. बाईच्या डोक्यावरचा गुंड उतरला, यापेक्षा मोठी कमाई कोणती?

पण आता पाण्याची राखण ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाच्या एकट्याच्या गळ्यात पडते. तो टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कालवतो. नळाचं पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकतो. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे. रंग आलाच नाही, तर पाण्यात क्लोरीन उरलेलं नाही आणि ते सुरक्षित असल्याची खात्री नाही. ही चाचणी आपल्या दारात होते का, हे किती घरं विचारतात? पाणीपट्टी थकते, मोटरचं वीजबिल तुंबतं, नळ कोरडा पडतो. मग आपण सरकारला बोल लावतो. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून किती दूर आहे, हेही कुणी बघत नाही.

योजना सरकारने द्यावी, तो आपला हक्कच आहे. पण टाकी कधी धुतली, पाणी कधी तपासलं, पट्टीचा पैसा कुठे गेला, हे ग्रामसभेत विचारायचं काम गावाचंच. पाणी व स्वच्छता समितीत बायांना जागा आहेत. त्यांनी तिथे बोलावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. विहीर उपसायला आपले आजे दोर धरून उतरले. आपल्याला फक्त ग्रामसभेला जायचं आहे आणि पट्टी वेळेवर भरायची आहे.