क्राऊनमधल्या काळ्या तेलास

शेवगाव

प्रिय तेला,

पत्रास कारण की, आमच्याकडे जुनी फोर-व्हील पिकअप घेताना तुझी चौकशी कुणीच करत नाही. गिऱ्हाईक बोनेट उघडतं, धूर बघतं, टायरच्या नक्षीत नख घालून बघतं, पासिंग आणि विम्याच्या तारखा विचारतं. मागच्या एक्सलच्या पोटातल्या क्राऊनमध्ये, म्हणजे डिफरन्शियलमध्ये, तू किती वर्षं पडून आहेस, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तुला डिपस्टिक नाही, डॅशबोर्डवर तुझा दिवा नाही, आणि इंजिन ऑइलसारखं जळून तू कमीही होत नाहीस. त्यामुळे तू जन्माला पुरतोस असा सगळ्यांचा समज.

काम मात्र तुझं फार अवघड. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. त्याची सोय ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीनं सुमारे 200 वर्षांपूर्वी वाफेच्या गाडीसाठी करून ठेवली. आजच्या पिकअपमध्ये क्राऊन आणि पिनियनचे दात एकमेकांवर दाबाखाली घासत सरकतात. साधं तेल तिथून पिळून बाहेर जाईल, म्हणून तुझ्यात गंधक-फॉस्फरस घालतात. डबा उघडल्यावर येणारा तो कुबट वास गंधकाचा. बहुतेक गाड्यांना जीएल-5 दर्जाचं 80-90 चालतं, पण शेवटचा शब्द त्या गाडीच्या मॅन्युअलचा. उरलेलं तेल गिअरबॉक्समध्ये ओतायचा मोह टाळावा. तिथे जीएल-4 सांगितलं असेल तर हेच गंधक पितळी रिंगांना बाधू शकतं.

आणि आमची जमीन तुला सुखानं राहू देत नाही. जायकवाडीच्या नाथसागराचं पाणी ओसरलं की गाळपेर सुरू होते. पिकअप खत-बियाणं घेऊन थेट त्या चिखलात उतरते, येताना वाढे नाहीतर कडबा भरून येते. रस्त्यावर तापलेला क्राऊन थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते. ब्रीदरची नळी मातीनं बुजलेली असेल, तर ती ओढ सीलवाटे पाणी आत घेते. मग तू दूध घातलेल्या कॉफीसारखा दिसायला लागतोस. पुढच्या एक्सलची तर आणखी उपेक्षा: 'फोर-व्हील लावतोच कुठं?' म्हणून तिथलं तेल कुणी बघतच नाही. पुढच्या हबला सुटायची सोय नसेल, तर लिव्हर टू-व्हीलवर असतानाही ते दात फिरत असतात.

तुला काढायची रीत सोपी आहे, तरी घाई नडते. गाडी थोडी फिरवून गरम करावी, सपाट जागी लावावी आणि आधी वरचा, तेल भरायचा नट सोडवावा. तो गंजून बसलेला असतो. खालचा आधी उघडला आणि वरचा हललाच नाही, तर रिकाम्या क्राऊनची गाडी जागेवर उभी. खालच्या नटाला बहुधा लोहचुंबक असतं. त्यावरचा करडा, मऊ लगदा म्हणजे नेहमीची झीज, तो पुसून टाकावा. बोटाला टोचणारे चकाकते तुकडे निघाले, तर मात्र नवीन तेलानं भागणार नाही, क्राऊन खोलावाच लागतो. मग नवा वायसर, आणि वरच्या भोकाच्या काठाशी येईपर्यंत नवं तेल. ब्रीदर साफ केल्याशिवाय काम झालं असं मी तरी मानत नाही. हेच पुढच्या एक्सलकडे जोर पोचवणाऱ्या ट्रान्सफर केसचं, फक्त तिथलं तेल वेगळं असू शकतं.

विक्रीच्या आधी काही जण तुझ्या जागी मुद्दाम एकशेचाळीस नंबर ओततात. दाट तेलानं घरघर दबते, दात आहेत तसेच राहतात. ज्या जिल्ह्यात अहिल्यानगरजवळच्या वाहननगरला लष्कराच्या गाड्यांची कसून परीक्षा घेणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे, तिथं आमची परीक्षा बोनेट आणि रंगावर संपते. माझ्या मते जुन्या फोर-व्हीलच्या सौद्यात दोन्ही क्राऊन आणि ट्रान्सफर केस अशा तिन्ही तेलांचा खर्च धरूनच भाव करावा, आणि घरी आणल्यावर सीटकव्हरच्या आधी ती बदलावीत. आधी कधी बदलली होती, या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबू नये.

राहता राहिली तुझी पुढची सोय. जळकं ऑइल म्हणून तुला कुंपणाच्या डांबांना फासतात, उरलेलं गटारीत नाहीतर बांधावर ओततात. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत वापरलेलं तेलही धरलेलं आहे, आणि शेवगावचं पिण्याचं पाणी जायकवाडीतूनच येतं. तेव्हा हे पत्र वाचणाऱ्या पिकअपमालकांना एवढीच विनंती: काढलेलं तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजवर नेऊन द्या.

आपला,
एक पिकअपवाला