छेद लहान की मोठा? अब्बांच्या ऑपरेशनाचा मश्वरा

कावीळ झाली की आपल्या मोहल्ल्यात पहिला सल्ला झाडपाल्याचा येतो. कुणी गळ्यात माळ घालायला सांगतं, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला, कुणी नाकात रस सोडायला. अब्बांचे डोळे पिवळे झाले तेव्हा आमच्याकडेही हे सगळे सल्ले आले. देणाऱ्यांची नियत चांगलीच होती. पण अब्बांना ताप नव्हता, पोटात दुखत नव्हतं. अंगभर खाज, लघवी काळ्या चहासारखी, शौचाचा रंग पांढुरका आणि दोन महिन्यांत सहा किलो वजन कमी, एवढंच. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "साठी ओलांडलेल्या माणसाला न दुखता वाढत जाणारी कावीळ झाली, तर पित्ताची वाट कुठेतरी अडली आहे का, हे आधी बघायचं. वेळ घालवू नका."

सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅन झाला, मग एमआरसीपी. पित्तनलिकेच्या खालच्या टोकाला गाठ होती. तपासण्यांवरून डॉक्टरांचा कल कॅन्सरकडेच होता. कॅन्सर यकृताबाहेर, दूर कुठे पसरलेला दिसत नव्हता, म्हणून ऑपरेशन शक्य होतं. या आजारात बऱ्याच जणांना ही संधीही मिळत नाही, कारण तो कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. आम्ही अल्लाहचे शुक्र मानले आणि ऑपरेशनाच्या तयारीला लागलो.

खरा पेच यापुढे पडला. शहरातल्या एका हॉस्पिटलात आम्हाला सांगितलं, "दुर्बिणीतून करू. चार-पाच छिद्रं, लवकर घरी." दुसऱ्या हॉस्पिटलात सांगितलं, "पोट उघडून करावं लागेल." आमचं कुटुंब मोठं. धाकटा भाऊ कुवेतला, आपा मुंब्र्याला, आम्ही बाकीचे गावी. इशाच्या नमाजीनंतर फोनवर सगळे एकत्र यायचे आणि तासभर वाद चालायचा. धाकट्याचं म्हणणं, एवढी यंत्रं निघालेली असताना अब्बांचं पोट का फाडायचं? मामू म्हणायचे, पोट उघडलं की आत हवा लागते आणि कॅन्सर पसरतो. अम्मी फक्त म्हणायची, "ज्यात त्यांचा जीव वाचेल ते करा."

मामूंची भीती आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळते, म्हणून तिच्याबद्दल आधी सांगतो. हवा लागून कॅन्सर पसरत नाही. ऑपरेशनानंतर आजार वाढलेला दिसतो, तो बहुतेकदा आधीच सूक्ष्म रूपात पसरलेला असतो. या एका भीतीपायी किती जण ऑपरेशनच टाळतात आणि वेळ हातची जाते.

दुर्बिणीवर आपल्या लोकांचा भरवसा बसला तो पित्ताशयाच्या खड्यांमुळे. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेमटन उडवाडिया यांनी भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आज तालुक्याच्या गावीही ते ऑपरेशन होतं. आमच्या आपाचंही तसंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी ती घरी आली आणि आठवड्याने स्वयंपाकघरात उभी होती. त्यामुळे आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तेच चित्र होतं. पित्ताशय आणि पित्तनलिका, शब्द शेजारचे आहेत, म्हणून ऑपरेशनही शेजारचंच वाटतं.

दुसऱ्या हॉस्पिटलातल्या सर्जनांनी कागदावर चित्र काढून आमचा हा समज दूर केला. यकृतात तयार झालेलं पित्त बारीक नळ्यांतून येतं, त्या यकृताच्या तोंडाशी एकत्र होतात आणि त्यांची एक नळी खाली उतरते. ती स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाऊन लहान आतड्याच्या पहिल्या भागात उघडते. गाठ यकृताच्या आत असेल, तर यकृताचा तेवढा भाग काढतात. ती यकृताच्या तोंडाशी, नळ्या मिळतात तिथे असेल, तर नलिकेसोबत यकृताचा मोठा हिस्सा काढून उरलेल्या बारीक नळ्या आतड्याला जोडतात. ही फार अवघड जागा, आणि तिथे अजूनही बहुतेक सर्जन पोट उघडूनच काम करतात. गाठ अब्बांसारखी खालच्या टोकाला असेल, तर नलिका, पित्ताशय, स्वादुपिंडाचं डोकं आणि आतड्याचा पहिला भाग, सगळं एकत्र काढावं लागतं, कारण ते एकमेकांना चिकटलेले आणि एकाच रक्तपुरवठ्यावर असतात. या ऑपरेशनाला व्हिपल म्हणतात. अमेरिकी सर्जन अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली, त्यावरून हे नाव पडलं.

काढणं हा अर्धाच भाग. त्यानंतर तीन जोड द्यावे लागतात. स्वादुपिंड आतड्याला, पित्तनलिका आतड्याला आणि जठर आतड्याला. त्यातला स्वादुपिंडाचा जोड सर्वांत नाजूक. तिथली नळी काही मिलिमीटरची, आणि तिच्यातून येणारा रस मांसही पचवणारा. तो जोड गळला तर रस आतल्या रक्तवाहिन्यांना खातो आणि जिवावर बेततं. सर्जन म्हणाले, "पित्ताशय काढताना काही जोडायचं नसतं. इथे जोडणं हेच काम आहे. बाहेरचा छेद लहान असो वा मोठा, आतलं ऑपरेशन तेवढंच असतं."

ही गोष्ट आमच्या मनात बसली. दुर्बिणीच्या ऑपरेशनातही काढलेला तुकडा बाहेर काढायला एक छेद थोडा वाढवावाच लागतो. आणि रोबोट म्हणजे यंत्र आपणहून ऑपरेशन करतं असं नाही. त्याचे हात सर्जनच चालवतो. तो किती तयारीचा, त्यावर सगळं आलं.

आमची एक भाची फार्मसी शिकते. तिने याविषयी झालेले अभ्यास शोधले आणि आम्हाला एक-एक करून समजावले. हे अभ्यास व्हिपल ऑपरेशनाचे आहेत. त्यांत पित्तनलिकेच्या खालच्या टोकाच्या गाठींबरोबर स्वादुपिंडाच्या व आसपासच्या गाठींचे रुग्णही आहेत. कुणाचं दुर्बिणीतून करायचं आणि कुणाचं उघडून, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं, म्हणजे तुलना निष्पक्ष व्हावी.

पहिला आपल्याच देशातला. कोइम्बतूरच्या जेम हॉस्पिटलातला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. ६४ रुग्ण. दुर्बिणीतून झालेले साधारण ७ दिवसांत घरी गेले, पोट उघडलेले १३ दिवसांत. हे ऐकून धाकटा खूश झाला. "बघा, मी काय म्हणत होतो!"

दुसरा नेदरलँड्सचा, २०१९ चा. चार हॉस्पिटलांत मिळून ९९ रुग्ण झाले होते. दुर्बिणीच्या ५० पैकी ५ जण गुंतागुंतीमुळे ९० दिवसांच्या आत दगावले. पोट उघडलेल्या ४९ पैकी १. संख्या लहान, म्हणून ठाम निष्कर्ष काढता येत नव्हता. पण देखरेख करणाऱ्यांनी तो अभ्यास मुदतीआधीच थांबवायला लावला. फोनवर त्या दिवशी बराच वेळ कुणी बोललं नाही.

तिसरा चीनचा, २०२१ चा. १४ हॉस्पिटलं, ६५६ रुग्ण. दोन्हीकडे मृत्यूचं प्रमाण सारखं, सुमारे २ टक्के. हॉस्पिटलात राहण्याचे दिवस १५ आणि १६, म्हणजे फरक एका दिवसाचा. पण या अभ्यासात भाग घेणाऱ्या प्रत्येक सर्जनने आधी किमान १०४ व्हिपल दुर्बिणीतून केलेली असावीत, अशी अट होती.

भाचीने तिन्ही कागद एकत्र ठेवले आणि म्हणाली, "मामा, तिन्हींत पद्धत एकच आहे. हात वेगळे आहेत." आमचा वाद तिथे संपला. दुर्बीण चांगली की वाईट, हा आमचा प्रश्नच नव्हता. अब्बांची गाठ कुठे आहे आणि ती काढणाऱ्या माणसाने नेमकं हेच काम, ह्याच पद्धतीने, किती वेळा केलं आहे, हे विचारायचं होतं.

आम्ही दोन्हीकडे पुन्हा गेलो. पहिल्या हॉस्पिटलातल्या सर्जनांना अदबीने विचारलं, "साहेब, पित्ताशयाची नव्हे, व्हिपलची दुर्बिणीतून किती झाली?" त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "तीन." त्या प्रामाणिकपणाबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. दुसऱ्या हॉस्पिटलात दर महिन्याला अशी ऑपरेशनं होत होती, बहुतेक पोट उघडून, काही निवडक दुर्बिणीतून. तिथल्या सर्जनांनी सीटी स्कॅन दाखवला. यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला गाठ टेकलेली होती. "इथे शिरेचा तुकडा काढून जोडावा लागू शकतो. मला हाताने चाचपता आलं पाहिजे. शिरेपासून लांब असती तर मीच दुर्बीण सुचवली असती."

अब्बांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, "मला सजदा कधी करता येईल?" सर्जनांनी तो हसण्यावारी नेला नाही. ते म्हणाले, "छेद लहान असता तर दुखणं कमी आणि थोडं लवकर. मोठ्या छेदात वाकायला वेळ लागेल, आणि पुढे त्या जागी हर्निया होण्याचा धोकाही थोडा जास्त असतो. पण आतला जोड गळला, तर छेद कोणताही असो, आठवडे अंथरुणात जातील." अब्बा आमच्याकडे वळून म्हणाले, "मग इथेच."

अम्मीने इस्तिखारा केला. उंट बांधून मग तवक्कुल करायचं, हे अब्बांनीच आम्हाला लहानपणापासून शिकवलं. आम्ही आमच्या परीने उंट बांधला होता.

ऑपरेशन सात तास चाललं. शिरेची एक कड काढून शिवावी लागली. पाचव्या दिवशी ड्रेनमधून स्वादुपिंडाचा रस थोडा येऊ लागला. ते दिवस आम्ही विसरणार नाही. त्या हॉस्पिटलात रात्रीसुद्धा सीटी आणि नळी घालणारे डॉक्टर हजर होते, याची किंमत तेव्हा कळली. अल्हम्दुलिल्लाह, गळती आपोआप थांबली. अब्बा १८ व्या दिवशी घरी आले. शेजारच्या खाटेवर त्याच आजाराचे एक गृहस्थ होते. त्यांची गाठ शिरेपासून लांब होती, म्हणून त्यांचं दुर्बिणीतून झालं. ते ९ व्या दिवशी हसत घरी गेले. त्यांच्यासाठी तो निर्णय बरोबर होता, आमच्यासाठी हा.

घरी आल्यावर काही गोष्टी दोन्ही पद्धतींत सारख्याच असतात आणि त्या कुणी आधी सांगत नाही. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खावं लागतं. अन्न पचवायला एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात, आणि त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. अब्बांना ते कळलं तेव्हा त्यांनी कॅप्सूल बाजूला ठेवली. आम्ही डॉक्टरांना पर्याय विचारला. त्यांच्या मते अब्बांच्या गरजेला पुरेल असा दुसरा भरवशाचा पर्याय नव्हता. मग आमच्या मशिदीतल्या मौलानासाहेबांकडे गेलो. सगळं ऐकून त्यांनी सांगितलं की पर्याय नसेल आणि तज्ज्ञ डॉक्टर गरज सांगत असतील, तर मजबुरीत मुभा आहे. जीव राखणं हाही हुकूमच आहे. तेव्हा अब्बांनी ती घेतली. आपणही आपल्या आलिमांना विचारून मन शांत करावं, पण विचारायच्या आधी औषध बंद करू नये.

नमाज त्यांनी आधी पडून, मग खुर्चीवर इशाऱ्याने अदा केली. दोन महिन्यांनी जमिनीवर पहिला सजदा झाला.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला तेव्हा आम्ही त्यात दोन ओळी शोधल्या. कापलेल्या कडांवर कॅन्सर आहे का, आणि किती लसिका-गाठींत आहे. कडा स्वच्छ होत्या. एका गाठीत कॅन्सर होता. म्हणून सहा महिने केपसायटाबिनच्या गोळ्या झाल्या. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. हा आजार परत येऊ शकतो, हे अब्बांनाही ठाऊक आहे. प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री घरात कुणी नीट झोपत नाही.

हल्ली ओळखीतले लोक फोन करतात, "दुर्बिणीतून करू की उघडून?" आम्ही डॉक्टर नाही, म्हणून उत्तर देत नाही, पण विचारायचे प्रश्न लिहून देतो. गाठ नेमकी कुठे आहे, शिरेला किंवा धमनीला टेकली आहे का? हेच ऑपरेशन याच पद्धतीने तुम्ही किती केलीत, आणि वर्षाला किती करता? मधेच पोट उघडावं लागलं तर त्याची तयारी आहे ना? तसं करावं लागणं म्हणजे अपयश नाही, शहाणपण आहे. लसिका-गाठी दोन्ही पद्धतींत तेवढ्याच निघतील ना? रात्री काही झालं तर कोण असतं? खर्चात फरक किती, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. दोन ठिकाणी जा, पण महिने घालवू नका.

अब्बा सध्या नातवाला नाझरा शिकवतात. पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे. दुआ में याद रखिए.